गोड शेवटाची सक्ती

शिक्षक-प्रशिक्षणात 'डिजिटल कथाकथन' या नावाखाली आज जे चाललं आहे, ते भावी शिक्षकांना खोटं बोलायला शिकवणं आहे. शब्द कडक आहेत आणि मी ते मागे घेणार नाही. बी.एड.च्या वर्गाला मी शिकवते, छात्राध्यापकांना आंतरवासितेसाठी शाळांवर नेते, त्यांच्या फायली तपासते, त्यांनी मोबाइलवर केलेल्या दोन-तीन मिनिटांच्या चित्रफिती बघते. त्या चित्रफितींत कुणाचाही पाठ फसत नाही, कुणाही शिक्षिकेचा तोल सुटत नाही, कुठलंही मूल शेवटपर्यंत गप्प राहत नाही. सुरुवातीला उदास बासरी आणि 'मागे पडलेलं' एक मूल, मग शिक्षकाचा 'नावीन्यपूर्ण उपक्रम', मग हसरे चेहरे, टाळ्या आणि मार्गदर्शकांचे आभार. दरवर्षी मुलं बदलतात, साचा तोच राहतो.

कल्पना मुळात चांगली होती, म्हणून चीड जास्त येते. १९९०च्या दशकात कॅलिफोर्नियात डेना अ‍ॅचली आणि जो लँबर्ट यांनी साध्या माणसांना गोल बसवून स्वतःची गोष्ट सांगायला लावली. प्रत्येकाने आपली गोष्ट मोठ्याने सांगायची, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे, मग ती अडीचशे-तीनशे शब्दांत लिहायची, स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करायची, वर मोजके स्थिर फोटो लावायचे. वेल्समध्ये २००१ पासून डॅनिएल मेडोज यांनी बीबीसीसाठी हेच गावोगावच्या लोकांकडून करून घेतलं. यात तंत्राला दुय्यम मान होता. खरं काम होतं ते गोल बसण्यात आणि शब्द कापण्यात. दुसऱ्या बाजूने डोनाल्ड शॉन यांनी १९८३ च्या पुस्तकात दाखवलं होतं की कसलेला व्यावसायिक पुस्तकी नियम लावत बसत नाही. काम करताना जिथे अडतो तिथे तो थांबतो, आपण काय गृहीत धरलं होतं ते तपासतो आणि रीत बदलतो. शिक्षकाचं चिंतन म्हणतात ते हेच. ही दोन टोकं जोडली तर काय होऊ शकतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आणि ते कसं मारलं जातं, तेही.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं झालं. अभ्यासक्रमात व्यावसायिक क्षमता वाढवणारी चार प्रात्यक्षिकं आली. त्यांतलं एक माहिती-तंत्रज्ञान चिकित्सकपणे समजून घेण्याचं, एक स्वतःला समजून घेण्याचं. कागदावर याहून शहाणपणाचं काही सुचवता येणार नाही. पण स्वतःला समजून घेण्याला गुण लावले, बाह्य परीक्षक लावला, सबमिशनची तारीख लावली, आणि संपलं.

पुण्यातल्या मार्केट यार्डाचंच उदाहरण घेते, कारण माझे छात्राध्यापक गुलटेकडीच्या आसपासच्या शाळांत जातात. रात्रीपासून इथे भाजीच्या गाड्या लागतात. पहाटे अडत्यांच्या गाळ्यांवर विक्री सुरू होते, तेव्हा सारं शहर झोपेत असतं आणि हमाल, तोलणार, टेम्पोवाले, भाजी निवडणाऱ्या नि पाटी घेऊन बसणाऱ्या बाया जाग्या असतात. त्यांचीच मुलं आजूबाजूच्या शाळांच्या पटावर आहेत. फळं-भाजीपाल्याच्या बाजाराची साप्ताहिक सुट्टी शनिवारी. रविवारी सगळ्यात मोठी आवक. म्हणजे शाळेला सुट्टी असते त्याच दिवशी आईबापांचं काम सर्वांत जड असतं, घरी कुणी नसतं म्हणून लेकरंही पहाटे बाजारात असतात, आणि सोमवारी सकाळी शाळेच्या बाकावर त्यांचे डोळे मिटतात. प्रशिक्षणाच्या कुठल्या पाठ्यपुस्तकात हे वेळापत्रक छापलेलं नाही. माझ्या एका छात्राध्यापिकेला ते स्वतःच्या गोष्टीतून सापडलं.

तिच्या सहावीच्या वर्गात एक मुलगा सोमवारी झोपायचा. अपूर्णांकांची बेरीज चालू असताना तिने त्याला फळ्यापाशी उभं केलं. त्याला येईना. वर्ग हसला. पुढचे दोन दिवस तो आला नाही. पाठाच्या अनुधावनात तिने लिहिलं : 'सदर विद्यार्थ्याचे लक्ष केंद्रित नसल्याने उद्दिष्ट अंशतः साध्य.' मग डिजिटल कथेचं प्रात्यक्षिक आलं आणि तिने पहिला मसुदा आणला. त्यात तो मुलगा नायक होता. बाजारात आईला हिशेब करून देतो, सव्वा किलो, पाऊण किलो तोंडी करतो, शिक्षिका ते पाहून थक्क होते, वर्गात भाजीची तागडी आणते आणि मुलाला अपूर्णांक कळतात. ऐकायला छान होतं. असं घडू शकतं, हेही खरं आहे. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणारी मुलं गाडीवर बिनचूक हिशेब करतात आणि तेच गणित कागदावर आलं की चुकतात, हे टेरेझिना कॅराहर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवून दिलं. पण माझ्या विद्यार्थिनीने तागडी वर्गात आणलीच नव्हती. बाजारात ती एकदाही गेली नव्हती. तिला फक्त एवढं माहीत होतं की परीक्षकाला काय आवडतं.

गोल बसल्यावर तिच्याच गटातल्या एका मुलाने विचारलं, "मॅडम, तो दोन दिवस का आला नाही?" ती गप्प झाली. त्या गप्प होण्यापासून खरं प्रात्यक्षिक सुरू झालं. ती त्याच्या घरी गेली. आईने सांगितलं की रविवारी रात्री दोनला उठवतो, शाळेत झोपणारच. आणि पुढे म्हणाली, "बाई, त्याला झोपू दिलं असतं तरी चाललं असतं. उभं कशाला केलंत?" दुसऱ्या मसुद्यात हे वाक्य आलं. मसुदा सहाशे शब्दांचा होता, तो अडीचशेवर आणायचा होता. आधी विशेषणं गेली, मग बाजाराचं वर्णन गेलं, मग सबबी उघड्या पडल्या. 'विद्यार्थ्याला उभे करण्यात आले' असं तिने लिहिलं होतं. ध्वनिमुद्रणाला बसलो तेव्हा पंखा बंद केला होता, भांडाराच्या खोलीत जुन्या नकाशांच्या गुंडाळ्यांमध्ये ती फोन तोंडाशी धरून बसली होती. ते वाक्य तिला स्वतःच्या आवाजात म्हणता येईना. तीनदा अडखळली. चौथ्यांदा म्हणाली, "मी त्याला उभं केलं. वर्ग हसला, आणि मला थोडं बरं वाटलं, कारण वर्ग माझ्या बाजूने होता." एवढं एक वाक्य बोलायला शिक्षक होणाऱ्या माणसाला धैर्य लागतं. बी.एड.च्या दोन वर्षांत याहून मोलाचं काही तिच्या तोंडून निघालं असेल असं मला वाटत नाही.

बाह्य परीक्षकांनी ती चित्रफीत पाहिली आणि सांगितलं : शेवट सकारात्मक करा. मुलगा रोज शाळेत यायला लागला, असं दाखवा. 'मला बरं वाटलं' हे काढा, शिक्षकाची प्रतिमा खराब होते. मी वाद घातला. गुण तिचे जाणार होते, माझे नव्हे. तिने वाक्य काढलं, शेवट जोडला, बासरी लावली. पैकीच्या पैकी गुण मिळाले. ती चित्रफीत पुढे 'उत्कृष्ट नमुना' म्हणून दाखवली गेली. ज्या क्षणी तिला खरं बोलण्याची शिक्षा आणि खोट्याचं बक्षीस मिळालं, त्या क्षणी तिचं खरं प्रशिक्षण झालं. आता ती कुठल्याही शाळेत जाईल तिथे अहवाल उत्तम लिहील.

शेतकऱ्याला गाळ्यावरून जी हिशेबपट्टी मिळते, तिच्यावर वजन असतं, भाव असतो आणि हमाली, तोलाई, भाडं असं काय काय कापलं तेही असतं. आमच्या चित्रफितींत नुसता भाव दाखवतात. काय कापलं गेलं ते लपवलेली पट्टी यार्डात कुणी हातात धरणार नाही, आणि शिक्षणात तिला आम्ही 'चिंतन' म्हणून गुण देतो.

परीक्षक एकटे दोषी नाहीत, हेही स्पष्ट लिहायला हवं. अख्ख्या व्यवस्थेला यशाच्या चित्रांचं व्यसन लागलं आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये राज्य शासनाने शिक्षकांना दर सोमवारी दहा-दहा मुलांच्या गटासोबत सेल्फी काढून 'सरल' प्रणालीवर टाकायला सांगितलं होतं. ओरड झाली, तो आदेश टिकला नाही, पण ती वृत्ती टिकली. उपक्रम झाला याचा पुरावा फोटो, फोटो चढवला याचा पुरावा लिंक, लिंक भरली याचा पुरावा स्क्रीनशॉट. 'दीक्षा' हे पोर्टल २०१७ मध्ये आलं, 'निष्ठा' हे शिक्षक-प्रशिक्षण २०१९ मध्ये. नव्या शैक्षणिक धोरणाने दरवर्षी पन्नास तासांचं प्रशिक्षण सांगितलं. या सगळ्यात शिक्षकाने काही पाहिलं, ऐकलं, प्रमाणपत्र उतरवून घेतलं, याची नोंद राहते. वर्गात त्याचं काय अडलं, याला कुठल्याच पोर्टलवर रकाना नाही. शासन शिक्षकांसाठी व्हिडिओ-निर्मितीच्या स्पर्धा घेतं. त्यात घटक समजावून सांगणाऱ्या चांगल्या चित्रफिती येतात, त्यांचा मुलांना उपयोगही होतो. त्याला माझा विरोध नाही. पण मुलाला घटक शिकवणारी चित्रफीत वेगळी आणि शिक्षकाने स्वतःला तपासणारी गोष्ट वेगळी. दोन्ही एकाच मोबाइलवर होतात म्हणून एकाच निकषाने तपासणाऱ्यांना या कामातलं काहीही कळत नाही.

आणि खरं बोलायचं कुणी? २००० पासून आपल्याकडे शिक्षणसेवक योजना आहे. पहिली तीन वर्षं मानधनावर. ते मानधन प्राथमिकला वर्षानुवर्षं सहा हजार होतं, २०२३ मध्ये सोळा हजार झालं. तीन वर्षांनी कायम होणं कुणाच्या तरी समाधानकारक शेऱ्यावर अवलंबून. अशा माणसाला आपण सांगतो की तुझं अपयश आवाजासकट मुद्रित कर आणि वरिष्ठांना पाठव. तो पाठवणार नाही, आणि त्याला भित्रा म्हणायचा कुणाला अधिकार नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलाला मारणं आणि मानसिक छळ करणं यावर बंदी आहे. ती हवीच, कठोर हवी. पण ज्या शिक्षिकेचा आवाज चढला, हात उगारला गेला आणि नंतर ज्याची तिला लाज वाटली, तिने ते कुणापाशी बोलावं? तिला बोलायला जागा दिली नाही तर पुढच्या वेळी तो हात खाली येणार नाही, फक्त दार लोटून घेतलं जाईल.

आता मुलांविषयी. याचा मला सर्वांत जास्त संताप आहे. त्या छात्राध्यापिकेच्या चित्रफितीत मुलाचा पोत्यावर झोपलेला फोटो होता. तिने तो काढून टाकला होता, पण 'भावनिक परिणामासाठी' तिला तो परत घालायला लावला. चर्चासत्रात तो मोठ्या पडद्यावर आला, कुणीतरी फोनमध्ये टिपला, पुढे पाठवला, फिरत फिरत तो वस्तीत पोचला. मुलाची आई शाळेच्या फाटकापाशी येऊन उभी राहिली. ती ओरडली नाही. म्हणाली, "माझं पोरगं काय भीक मागतंय का? आम्ही कष्ट करतो." तिला उत्तर द्यायला ना परीक्षक तिथे होते, ना 'उत्कृष्ट नमुना' म्हणणारे.

ही कुणाची मुलं आहेत याची तरी जाण ठेवा. बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली याच शहरातल्या हमालांनी हमाल पंचायत उभी केली, पाठीवरच्या ओझ्याचं वजन, हमालीचा दर आणि माथाडी कायद्याचं संरक्षण यांसाठी भांडण केलं, १९७४ पासून 'कष्टाची भाकर' हे स्वस्त जेवणाचं केंद्र चालवून दाखवलं. कुणाच्या दयेवर ही माणसं उभी राहिलेली नाहीत. त्यांच्या लेकरांना आमच्या चित्रफितीत 'बिचारं' करून ठेवायचं आणि शिक्षकाला तारणहार करायचं, हा त्यांचा अपमान आहे. शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येणारी संमती सांगितली आहे. आमच्याकडे वर्षाच्या सुरुवातीला सरसकट एका कागदावर सही घेतात. त्या सहीतून आपल्या मुलाचा झोपलेला फोटो पडद्यावर जाऊ शकतो हे त्या आईला कुणी सांगितलं होतं? चिंतन शिक्षकाचं आहे ना, मग फोटो शिक्षकाचा लावा. त्याच्या खडूचा, त्याच्या टाचणवहीचा, त्याच्या रिकाम्या वर्गाचा लावा. मुलाच्या चेहऱ्याची काही गरज नाही.

मला सांगतात की ही पाश्चात्त्य फॅशन आहे, आपल्या मातीत शिक्षक असं स्वतःचं उघडं करत नाही. हे अज्ञान आहे. याच पुण्यात जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मुलीने १८५५ मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदया'त छापून आला. त्या निबंधाचा शेवट गोड करायला तिच्या शिक्षकांनी तिला सांगितलं नाही, म्हणून तो आज जिवंत आहे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे फुल्यांनी सांगितलं की प्राथमिक शिक्षक शेतकरीवर्गातून यावेत, लोकांत मोकळेपणाने मिसळणारे, त्यांच्या गरजा जाणणारे असावेत. सोमवारी मूल का झोपतं हे न कळणं त्यांना शिक्षकाचं अज्ञान वाटलं असतं, मुलाचा दोष नव्हे. 'शालापत्रक' हे शिक्षणविषयक मासिक कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आणि मग विष्णुशास्त्र्यांनी चालवलं. त्यातल्या टीकेने सरकारची मर्जी गेली आणि १८७५ मध्ये ते बंद पडलं. शिक्षणावर खरं लिहिलेलं वर रुचत नाही, हे दुखणं तेवढं जुनं आहे.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा काढली, ती का? मुलं गुरं राखायला जात होती, शाळेत येत नव्हती, आणि त्या दोघींनी दोष मुलांच्या माथी मारला नाही. शाळा कुरणावर नेली. अनुताईंचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' वाचा, अडचणी लपवलेल्या नाहीत. लीलाताई पाटील शासकीय अध्यापक महाविद्यालयांतलं काम संपवून कोल्हापुरात १९८५ मध्ये 'सृजन आनंद' सुरू करतात आणि वर्गातले अनुभव वर्षानुवर्षं लिहून ठेवतात. हा आपला वारसा आहे. त्यांच्या हाती मोबाइल नव्हता. आमच्या हाती आहे आणि आम्ही त्याचा उपयोग बासरी लावायला करतो.

याच राज्यातल्या २९१ डी.एड. संस्थांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. त्यातून न्या. जे. एस. वर्मा आयोग नेमला गेला, २०१२ मध्ये अहवाल आला, आणि त्यांतल्या बहुतेक संस्था मान्यतेच्या लायकीच्या नाहीत असं निघालं. इमारत होती, फलक होते, फायली होत्या. फायलीत सगळं छान आणि वर्गात काही नाही, ही सवय आम्हाला लागली ती तेव्हाच उघड झाली होती. डिजिटल कथेने त्या सवयीला आवाज आणि रंग दिला.

एक गोष्ट मात्र घडली. कापलेल्या मसुद्यातली माहिती घेऊन ती छात्राध्यापिका मुख्याध्यापकांकडे गेली. पालकसभा नेहमी आठवड्याच्या मधल्या दिवशी असायची आणि बाजारात काम करणारे पालक कधीच येत नसत. 'पालक उदासीन' असा शेरा दरवेळी इतिवृत्तात जायचा. तिने सांगितलं, सभा शनिवारी घ्या, बाजार बंद असतो. मुख्याध्यापकांनी ऐकलं. आया आल्या, बाप आले. सोमवारच्या पहिल्या तासाला गणित ठेवायचं नाही, एवढाही बदल वेळापत्रकात झाला. तो मुलगा रोज यायला लागला का? नाही. काही सोमवार अजूनही चुकतात. पण आता तो चुकला की बाईंना कारण माहीत असतं आणि मंगळवारी त्याला कुणी उभं करत नाही. चिंतन झालं ते इथे, आणि गुण मिळालेल्या चित्रफितीत यातलं काही नाही.

म्हणून विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाकडे माझी मागणी सरळ आहे. स्वतःविषयीच्या या गोष्टीचे गुण काढून टाका. हजेरी मोजा, गोलात बसले का ते बघा, तेवढं पुरे. बाह्य परीक्षकाला ही चित्रफीत दाखवायची नाही. ती कुठल्या पोर्टलवर चढवायची नाही, चर्चासत्रात लावायची नाही, महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या फायलीत पुरावा म्हणून जोडायची नाही. मुलाचा चेहरा, नाव, घर दाखवायचं नाही. ज्या गटात सांगितली त्या गटातच ती राहील, आणि सांगणाऱ्याने पुसून टाकायची म्हटली तर पुसली जाईल. आम्हा प्राध्यापकांनी आधी स्वतःच्या फसलेल्या तासाची गोष्ट त्या गोलात सांगायची. ज्याला ते जमत नाही त्याने हे प्रात्यक्षिक घेऊ नये. यासाठी पैसा लागत नाही, नवं अ‍ॅप लागत नाही. बंद खोली लागते आणि तिथे बोललेलं बाहेर वापरलं जाणार नाही, असा लेखी शब्द लागतो.

हा शब्द मिळेपर्यंत माझ्या गटाच्या चित्रफिती मी कुठेही चढवणार नाही, परीक्षकांपुढे ठेवणार नाही. विद्यार्थ्यांचे गुण अडतील, हे मला माहीत आहे, आणि त्यांनाही सांगितलं आहे. या वर्षीच्या गटाने एकत्र बसून ठरवलं की गोड शेवट कुणीच जोडायचा नाही. तारीख उलटून गेली आहे. कार्यालयाकडून कारणे दाखवा म्हणून पत्र आलं आहे, आणि त्याचं उत्तर मी सविस्तर दिलं आहे.